महाराजांची खोली आणि आमचे ओव्हरसियर

कोणाच्याही घरात शिरले की आमचे ओव्हरसियर आधी भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करायचे. कोणी पाणी विचारायच्या आत, कोणी खुर्ची पुढे सरकवायच्या आत. टकटक करायची, मान तिरपी करून कान द्यायचा आणि मग घरमालकाकडे असं काही बघायचं की त्या बिचाऱ्याला आपण सिमेंटात राख कालवल्याचं आठवायला लागावं. न कालवलेली सुद्धा.

"साहेब, एक नंबर विटा आहेत," मालक म्हणायचा.

"ऐकलं. आता बघू," ते म्हणायचे.

या तीन शब्दांवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. मी नगरपालिकेत त्यांच्या हाताखाली ट्रेसर होतो. ऑफिसात नकाशे उतरवायचे आणि साइटवर गेलं की टेपचं शून्याचं टोक भिंतीला टेकवून धरायचं, हे माझं काम. टेप दुसऱ्या टोकाला नेऊन ते आकडा वाचायचे, वहीत लिहायचे, आणि तेवढ्यावर समाधान न होऊन परत माझ्याकडे चालत यायचे. माझा अंगठा भिंतीला खरंच टेकलाय का ते बघायला. आठ-नऊ वर्षं मी त्यांची टेप धरली. तेवढ्या वर्षांत एकदाही माझ्या अंगठ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. घरून आणलेल्या डब्याचाही आधी वास घेणारा, भिंतीवरचं घड्याळ रेडिओशी ताडून बघणारा. फरक एवढाच की आमचे ओव्हरसियर साइटवर कोणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. म्हणायचे, तीही लाचच. पाणी घरचं, प्लास्टिकच्या वॉटरबॅगेतलं. ऑफिसात त्यांची टिंगल चालायची. "ओव्हरसियरांना वाळवंटात उभं करा, तिथंही म्हणतील, कुठंतरी पाणी मुरतंय." ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. ऐकलेलं मात्र सगळं असायचं.

आणि चपला. एकदा त्र्यंबकला दर्शनाला गेले असताना देवळाबाहेरून त्यांच्या कोऱ्या चपला गेल्या. एसटीतून अनवाणी नाशिकला आले. तेव्हापासून त्यांनी पायातलं काही म्हणून कोणाच्या भरवशावर सोडलं नाही. कुठल्याही देवळात जायचं झालं की चपला वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, पिशवीत घालायच्या आणि पिशवी काखेत. देवापुढे हात जोडतानासुद्धा ती काख आवळलेली असायची.

आता गुरुद्वाऱ्याकडे येतो, कारण माझं आणि त्यांचं जे काही आहे ते तिथलंच आहे.

आग्रा रोडला लागून तेव्हा एक पत्र्याची शेड होती. आत ग्रंथसाहेब, बाहेर चुली. पिंपळगावहून कांदा-द्राक्षं भरून निघालेले ट्रकवाले तिथे थांबायचे, जेवायचे, पडायचे. मी कळवणहून नोकरीला आलो तेव्हा जवळच एका खोलीत राहत होतो. महिन्याअखेरीला मीही त्या पंगतीत जाऊन बसायचो. कोण, कुठला, कोणीच विचारलं नाही. तिथले भाईजी, म्हणजे ग्रंथ वाचणारे म्हातारे सरदारजी, एवढंच म्हणायचे, "पहिले परशादा." परशादा म्हणजे पोळी. बाकी सगळं त्यानंतर.

मी बौद्ध घरातला. आमच्या आजोबांच्या पिढीला नाशकात देवळाच्या दाराबाहेर उभं राहून काय ऐकावं लागलं, ते नाशिककरांना मी नव्याने सांगायला नको. त्यामुळे सत्तरीचं दशक संपता संपता भाईजी मला म्हणाले, "पक्कं बांधायचं आहे, नक्शा तू काढ," तेव्हा माझ्याने नाही म्हणवेना. वास्तविक आमच्या ऑफिसात मंजुरीला येणारे नकाशे ऑफिसातल्याच माणसाने काढायचे नाहीत, असा कडक नियम होता. काढल्याचं कळलं तर नोकरी जायची. मी पैसा न घेता काढला. खाली सही एका परवानाधारक इंजिनिअरची, वरची प्रत्येक रेघ माझी.

भाईजी शेजारी बसून सांगायचे आणि मी काढायचो. मधे दरबार, त्यावर घुमट, घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्या. आत जायला तीन पायऱ्या, पण चढायच्या नाहीत, उतरायच्या. "इथे माणूस खाली येऊन भेटतो," भाईजी म्हणाले. दारासमोर पाय धुवायला उथळ पाण्याचा पाट. एका अंगाला लंगरचं स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला जोडाघर, म्हणजे चपलाबूट सांभाळायची जागा. समोर निशाणाचा उंच खांब. आणि चार दिशांना चार दारं. "चार कशाला?" मी विचारलं. "कोणी पण, कुठून पण यावं," ते म्हणाले. ती चार दारं मी रात्रभर... नाही, खोटं कशाला बोलू, एका रविवारी दुपारी काढली. पण तशी रेघ मी पुन्हा कधी मारली नाही.

दरबाराच्या मागे एक छोटी खोली होती. भाईजी म्हणाले, "ही महाराजांची. दिवसभर दरबारात असतात, संध्याकाळी इथे आराम करतात." महाराज म्हणजे ग्रंथसाहेब. त्यांच्या लेखी ते पुस्तक नव्हे, जिवंत गुरू. मला ते कळलं होतं. पण इथे मी शहाणपणा केला. महाराजांची खोली असं लिहिलं तर ऑफिस विचारणार, महाराज कोण, राहतात का, धार्मिक जागेत राहण्याची परवानगी आहे का. म्हणून मी त्या खोलीत टपोऱ्या अक्षरांत लिहून टाकलं, 'भांडार'. कोठीच्या खोलीबद्दल कोण कशाला विचारील?

नकाशा मंजूर झाला, बांधकाम सुरू झालं आणि तपासणीला, अर्थातच, आमचे ओव्हरसियर. टेप धरायला मी.

पहिल्याच दिवशी चपलांची पिशवी काखेत मारून ते आत निघाले. भाईजींनी हात आडवा केला. "साब, जोडे आत नाही जाणार. पिशवीत पण नाही."

"मग कुठे ठेवू?"

"जोडाघरात. टोकन मिळेल."

ओव्हरसियरांनी जोडाघराकडे बघितलं, तिथे बसलेल्या दाढीवाल्या ड्रायव्हरकडे बघितलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. "तू इथेच उभा राहा." त्या दिवशी मी बाहेर त्यांच्या चपला राखत बसलो आणि टेपचं टोक भाईजींनी धरलं. भाईजींचा अंगठासुद्धा त्यांनी जाऊन तपासला. पुढच्या वेळेपासून त्यांनी युक्ती काढली. चपला स्कूटरच्या डिकीत कुलूपबंद करायच्या आणि तापलेला डांबरी रस्ता अनवाणी ओलांडायचा. डोकं झाकायला तिथे रुमालांची टोपली असायची, त्यातला रुमाल नाही घ्यायचे. स्वतःचा, चार कोपऱ्यांना गाठी मारलेला.

संशय घ्यायला त्यांना तिथे रान मोकळं मिळालं. "चार दारं? सरळ माणसाला एक पुरतं. एका दाराने आत आलेला चौथ्याने पसार झाला तर?" स्वयंपाकघर एवढं मोठं कशाला, आत हॉटेल काढायचा विचार आहे का? पाय धुतलेलं पाणी जातं कुठे? निशाणाच्या खांबाचा पाया एवढा खोल का? भाईजी शांतपणे म्हणायचे, "खांब उंच आहे साब. ट्रकवाल्याला लांबून दिसला पाहिजे, इथे जेवण आहे." हे म्हणायचे, "ऐकलं. आता बघू." आणि खरंच पाया उकरून बघायचे. वैशाखीला तो खांब दुधापाण्याने धुऊन त्याचं भगवं कापड बदलतात. ते बघायलाही हे वही घेऊन हजर. कापडाच्या आत काही गुंडाळलेलं नाही ना, एवढ्याचसाठी.

दर वेळी काम संपलं की भाईजी हात जोडायचे, "परशादा घेऊन जा." दर वेळी हे म्हणायचे, "नको." सरळ, कोरडं नको. मी मात्र पंगतीकडे बघत राहायचो. तिथे सगळे एका ओळीत जमिनीवर बसलेले, शेजारी कोण हे कोणाला ठाऊक नाही. माझ्या मनात यायचं, हा माणूस का बसत नाही ते मला बरोबर कळतंय. शेजारी कोणीही येऊन बसेल ना. आमच्यासारखा. लाचेचं नुसतं निमित्त. असं मी चार वर्षं मनात धरून होतो, आणि त्यांची टेपही धरून होतो.

मग दिल्लीला पंतप्रधानांची हत्या झाली, तो हिवाळा आला. नाशकात फार काही घडलं नाही, पण लोकांच्या नजरा बदलल्या. पगडी दिसली की बोलणं थांबायचं. गुरुद्वाऱ्यासमोरचे ट्रक कमी झाले. आणि आमच्या ऑफिसात निनावी अर्ज आला. नकाशावर ज्या खोलीला भांडार म्हटलंय तिथे पलंग आहे, गादी आहे, रजई आहे, पंखा आहे. संध्याकाळनंतर दार लावून घेतात. कोणीतरी माणूस तिथे लपवून ठेवलाय.

वरच्या साहेबांना त्या दिवसांत काहीतरी करून दाखवायचं होतं. ते ओव्हरसियरांना म्हणाले, "मंजूर नकाशाचा भंग आहे. तसं लिहा, आपण ती भिंत पाडून टाकू. लोकही शांत होतील."

मी शेजारच्या टेबलावर होतो. माझ्या हातातलं पेन तिथेच थांबलं. महाराजांची खोली माझ्या एका शब्दामुळे पडणार होती. आणि मी तोंड उघडलं तर पहिला प्रश्न येणार होता, तुला काय माहीत? तुमच्यापैकी कोणी म्हणेल, अरे, मग बोलायचं की. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या. मी नाही बोललो. त्याची लाज मला आजही वाटते.

दुपारी आम्ही गेलो. भाईजींनी खोली उघडून दिली. स्वच्छ, चुन्याने पांढरी केलेली. पलंग, पांढरी चादर, लहानशा उश्या, पायाशी घडी केलेली रजई. ओव्हरसियरांनी आधी खाली वाकून पलंगाखाली बघितलं. मग चारही भिंतींवर टकटक केली.

"इथे कोण झोपतं?"

"महाराज."

"नाव सांगा."

"गुरू महाराज, साब."

"कधीपासून राहतात?"

"इथे, खोली झाली तेव्हापासून. तसे पावणेतीनशे साल झाले."

ओव्हरसियरांनी वही मिटली. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "आत्ता कुठे आहेत?"

"दरबारात. संध्याकाळी येतील."

मी मान खाली घातली. दरबारात आम्ही नुकतेच जाऊन आलो होतो. तिथे दोन ट्रकवाले आणि एक म्हातारी एवढीच माणसं होती. ओव्हरसियरांनी तीही मनात टिपली असणार. "ठीक. ऐकलं. मी संध्याकाळपर्यंत थांबतो," ते म्हणाले आणि त्या खोलीच्या दारासमोर जमिनीवर बसले. भाईजींनी चहा विचारला, नको. पाणी विचारलं, वॉटरबॅग दाखवली. तीन तास ते तिथून हलले नाहीत. मी समोर बसून होतो. दर थोड्या वेळाने वाटायचं, सांगून टाकावं. दर वेळी मी टेप उलगडून पुन्हा गुंडाळायचो.

अंधार पडता पडता दरबारातला पाठ संपला. सगळे उभे राहिले. भाईजींनी ग्रंथसाहेब रेशमी रुमालांत गुंडाळून डोक्यावर घेतले. मागून एक जण चवरी ढाळत होता, पुढून एक जण वाटेवर पाणी शिंपडत होता. म्हातारी वाकली. ट्रकवाले वाकले. ओव्हरसियर गडबडीने उठले आणि आधी मागे बघायला लागले, की महाराज कुठून येतायत. मागे कोणी नव्हतं. मग त्यांचं लक्ष भाईजींच्या डोक्याकडे गेलं.

भाईजी आत आले. दोन्ही हातांनी ग्रंथ पलंगावर ठेवला, उश्या सारख्या केल्या, वर रजई घातली. नोव्हेंबर सरत आला होता, नाशकात थंडी होती. रजईची कड त्यांनी हाताने खाली खोचली. आई खोचते तशी.

ओव्हरसियर भिंतीला लागून उभे होते. सवयीने त्यांचा हात वर गेला, बोट वाकलं. आणि तिथेच थांबलं. त्यांनी पलंगाकडे बघितलं आणि हात हळूच खाली घेतला. त्या माणसाने भिंत न वाजवता खोली सोडल्याची माझ्या नोकरीतली ती एकच वेळ.

बाहेर येऊन ते कुजबुजत म्हणाले, "दार नीट लावून घ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल लिहिला. तो मीच टाइपिस्टकडे नेला, म्हणून मला पाठ आहे. 'खोलीत पलंग आहे. वापर विश्रांतीचा आहे. विश्रांती घेणाऱ्याबद्दल संशय घेण्यासारखे काही आढळले नाही. नकाशात भांडार हा शब्द चुकीने पडला आहे, तेवढा दुरुस्त करून घ्यावा. भिंत पाडण्याचे कारण नाही.' वरचे साहेब भडकले. हे म्हणाले, "मी स्वतः बघून आलोय. तुम्हाला वेगळं लिहायचं असेल तर तुमच्या सहीने लिहा." अशी सही करायला कोण पुढे येतंय? भिंत राहिली.

संध्याकाळी स्कूटरला किक मारता मारता ते मला म्हणाले, "तो शब्द दुरुस्त कर. आणि उत्तरेच्या बाणाला ते माशाचं शेपूट काढत जाऊ नकोस. ऑफिसच्या नकाशांवर पण तू तेच काढतोस."

"साहेब, तुम्हाला कधी कळलं?"

"फाईल आली त्या दिवशी."

"मग बोलला नाहीत?"

"चार दारं मी निरखून बघितली. कुठे हात हलला नव्हता. पैसे खाऊन काढलेली रेघ तशी येत नाही." मग गाडी सुरू झाली. "पुन्हा करशील तर मीच लिहीन हं."

आभार मानायला गाडी कुठे थांबली होती.

पुढे तीन-चार वर्षांनी ते निवृत्त झाले. हार, नारळ, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला ते ऑफिसच्या दारात. मला वाटलं, पेन्शनच्या कागदांत काही संशय आला असेल. म्हणाले, "अर्धी सुट्टी टाक. चल."

आम्ही गुरुद्वाऱ्यात गेलो. स्कूटर लावली. डिकी उघडली नाही. त्यांनी जोडाघरापाशी जाऊन पायातल्या चपला काढल्या, फळीवर ठेवल्या आणि पितळेचं टोकन घेतलं. नंबर दोनदा वाचला, वरच्या खिशात ठेवलं, खिसा चापपला. मग टोपलीतला रुमाल डोक्याला बांधला आणि सरळ पंगतीत जाऊन माझ्या उजव्या हाताला मांडी घालून बसले. भाईजी धावत आले. हे त्यांना म्हणाले, "भाईजी, काल संध्याकाळपर्यंत हे अन्न लाच होतं. आज जेवण आहे. वाढा."

दोन्ही हात पुढे करून त्यांनी पोळी घेतली. डाळीचा वास घेतला नाही. इतकी वर्षं मी या माणसाबद्दल काय धरून बसलो होतो. भिंतीवर टकटक करणारे ते, पण खरा संशयी मीच निघालो. हे त्यांना सांगावं असं किती वेळा ठरवलं. नाही सांगितलं.

त्यानंतर ते रोज जायला लागले, आणि सेवेला जागा निवडली कुठली? जोडाघर. "तिथे घोळ होऊ शकतो," म्हणे. लोकांच्या चपला पुसायचे, खणांना नंबर टाकायचे. त्यांनी नियम घातला, तोंड बघून चपला द्यायच्या नाहीत, टोकन बघून द्यायच्या. खुद्द भाईजींनाही सूट नव्हती.

एका रविवारी तिथेच त्यांना चक्कर आली. एका ट्रकवाल्याने उचलून केबिनमध्ये घातलं आणि अनवाणीच इस्पितळात नेलं. दोन दिवसांनी गेले.

दहाव्यानंतर काकूंनी मला बोलावून पितळेचं टोकन हातात दिलं. "त्यांच्या शर्टाच्या खिशात निघालं. कुठलं आहे बघ रे. पण हे तर कुठे काही ठेवायचे नाहीत कोणाकडे."

मी गुरुद्वाऱ्यात गेलो. जोडाघरात नवा सेवादार होता, मला न ओळखणारा. त्याने टोकन उलटसुलट करून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "तुमचे आहेत?"

"नाही. आमच्या साहेबांचे."

"तोंड बघून देत नाही आम्ही," तो म्हणाला. "बाबूजी सांगून गेलेत." त्याने नंबर पुन्हा एकदा ताडून बघितला आणि मग खणातून त्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. रोज कोणीतरी पुसत असणार, धूळ नव्हती.

मी त्या उचलल्या. मागून भाईजींचा हात खांद्यावर पडला. आता ते फार वाकले होते. "पहिले परशादा," म्हणाले.

जोडे तर आत जात नाहीत. मी माझ्या चपला काढल्या, साहेबांच्या शेजारी ठेवल्या आणि सेवादाराला म्हटलं, दोन्ही एकाच खणात राहू द्या. त्याने तेच टोकन परत दिलं. मी नंबर दोनदा वाचला, टोकन वरच्या खिशात ठेवलं, आणि पंगतीत जाऊन बसलो.